स्कॉट्स भाषेतला ‘ग्लॅमर’: डोळ्यांवरची नजरबंदी आणि तिच्यामागचं व्याकरण

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘जॉनी फा’ हे स्कॉटलंडमधलं जुनं लोकगीत वाचताना एक ओळ अडली. तिच्यात जिप्सी एका सरदाराच्या बायकोवर ‘ग्लॅमर’ टाकतात. हा ग्लॅमर आणि आपण सिनेनटीच्या संदर्भात म्हणतो तो ग्लॅमर एकच का? ओळीत अर्थ काय घ्यायचा? आणि हा शब्द ‘ग्रामर’वरून आला असं वाचनात आलं, ते खरं की कुणी रचून सांगितलेलं?

आधी उत्तर देतो, मग कारणं. शब्द एकच आहे. त्या ओळीत त्याचा अर्थ ‘नजरबंदी’ आहे, सौंदर्य किंवा झगमगाट नाही. आणि ‘ग्रामर’वरून आल्याचं म्हणाल तर ते खरं आहे. स्कॉट्समधून मराठीत भाषांतरं करताना आणि कोशाच्या कामात या शब्दाशी माझी वारंवार गाठ पडली आहे. भाषांतरात तो चुकतो तो नेहमी एकाच जागी चुकतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सुरुवातीला भाषेबद्दल दोन वाक्यं. स्कॉट्स म्हणजे गेलिक नव्हे. गेलिक ही केल्टिक कुळातली, आयरिशची बहीण. स्कॉट्स मात्र जुन्या इंग्रजीच्या उत्तरेकडच्या रूपातून वाढलेली, इंग्रजीची सख्खी शेजारीण. तिला बोली म्हणायचं की भाषा, यावर वाद होत राहतात, पण तिचे स्वतःचे मोठे कोश आहेत. जॉन जेमिसन यांचा व्युत्पत्तिकोश १८०८ चा. सन १७०० पर्यंतच्या स्कॉट्सचा बारा खंडांचा कोश १९३१ ते २००२ एवढ्या काळात पुरा झाला, आणि १७०० नंतरच्या भाषेचा दहा खंडांचा कोश १९३१ ते १९७६ मध्ये. आता दोन्ही एकत्र इंटरनेटवर मोफत पाहता येतात. स्कॉट्स वाचणाऱ्याने ते उघडेच ठेवावेत, कारण इंग्रजीसारखा दिसणारा शब्द तिथे इंग्रजी अर्थाचा असेलच असं नाही. ‘ग्लॅमर’ हे त्याचं ठळक उदाहरण.

आता ओळ. जिप्सी सरदाराच्या दाराशी येतात आणि इतकं गोड गातात की बाई जिना उतरून खाली येते, पुढे तिच्या दासी. तिचा देखणा चेहरा पाहताक्षणी ‘दे कूस्ट द ग्लॅमर ओअर हर’. ‘कूस्ट’ म्हणजे टाकला, फेकला, घातला. आजचा वाचक इथे फसतो, कारण बाई देखणी आहे हे त्याच ओळीच्या आधी सांगून झालेलं आहे. ‘देखणी’ आणि ‘ग्लॅमर’ शेजारीशेजारी दिसले की मन आपोआप त्यांची सांगड घालतं: म्हणजे तिच्यावर काहीतरी तेज चढवलं असणार. मी पाहिलेल्या एका मराठी भाषांतरात ‘जिप्सींनी तिचं रूप आणखी खुलवलं’ अशा अर्थाची ओळ होती. गाण्यात घडतं ते याच्या नेमकं उलट. बाई इथे पाहणारी आहे. ग्लॅमर पडतो तो तिच्या डोळ्यांवर. दारात उभी असलेली फाटकी माणसं तिला वेगळीच दिसू लागतात. पुढच्याच कडव्यात ती अंगावरचा रेशमी झगा उतरवते, जाडीभरडी लोकरीची शाल मागते आणि त्यांच्यामागे चालू लागते. नवरा घरी येऊन विचारतो, बाईसाहेब कुठे आहेत? उत्तर मिळतं, जिप्सींचा म्होरक्या जॉनी फा याच्याबरोबर गेल्या. शेवटी एका बाईपायी पंधरा धट्टीकट्टी माणसं मारली जातात. ग्लॅमरचा अर्थ नजरबंदी घेतला तरच ही साखळी जुळते.

हाच शब्द एखाद्या कोशकाराला हवा तसा, स्वच्छ व्याख्येसकट, एका माणसाने नोंदवून ठेवला आहे. तो म्हणजे ॲलन रॅम्से. एडिनबरामध्ये केसांचे टोप बनवणारा हा कारागीर पुढे कवी आणि पुस्तकविक्रेता झाला. १७२१ च्या आपल्या कवितासंग्रहाला त्याने शब्दार्थांची यादी जोडली. तिच्यात तो म्हणतो की सैतान, मांत्रिक किंवा हातचलाखी करणारे जेव्हा नजर फसवतात, तेव्हा ते पाहणाऱ्याच्या डोळ्यांवर ग्लॅमर टाकतात असं म्हणतात. ‘पाहणाऱ्याच्या डोळ्यांवर’ हे शब्द त्याने घातले नसते तरी व्याख्या झाली असती, पण त्याने ते घातले. आपल्याला हवा तो सगळा मुद्दा त्यांच्यात आहे.

रॅम्सेचाच त्याआधीचा एक उतारा मला फार मोलाचा वाटतो. लिखित स्वरूपात हा शब्द सापडणाऱ्या अगदी सुरुवातीच्या जागांपैकी तो एक आहे आणि त्याचा विषय आहे शेअर बाजार. १७२० साली लंडनमध्ये साउथ सी कंपनीचे शेअर जानेवारीत सव्वाशे पौंडांच्या आसपास होते. उन्हाळ्यात ते हजारापर्यंत चढले आणि वर्ष संपता संपता जिथून निघाले होते तिथेच येऊन आपटले. एडिनबराच्या लोकांचेही पैसे बुडाले. त्यावरच्या कवितेत रॅम्से म्हणतो की हे सैतानाने चेटकिणीला गाठावं तसं झालं. श्रीमंत व्हायच्या हावेपायी ती आत्मा विकायला निघालेली. सैतान हेच आमिष ओळखतो, तिच्या डोळ्यांवर आपला ठकवणारा ग्लॅमर टाकतो, ती सही-शिक्का करून देते आणि तिच्यापुढे धनाच्या राशी दिसू लागतात. पण नाणी मोजायला बसते तेव्हा हातात पाटीच्या दगडाचे तुकडे.

पाटीच्या दगडाचे तुकडे नाण्यांसारखे दिसणं, हा ग्लॅमर. दगड दगडच राहिले, नाणी झालीच नाहीत. परीकथेत भोपळ्याचा रथ होतो तेव्हा तो खरोखर रथ होतो, त्यात बसता येतं. ग्लॅमरमध्ये वस्तूला धक्काही लागत नाही. बदलते ती नजर. स्कॉटिश लोककथांमध्ये हा भेद फार काटेकोरपणे पाळलेला दिसतो.

त्याचा एक सुरेख पुरावा म्हणजे सुईणीची कथा. ती स्कॉटलंड, वेल्स, आयर्लंड, कॉर्नवॉल अशी सगळीकडे थोड्याफार फरकाने सांगतात. एका सुईणीला रात्री अनोळखी माणूस बाळंतपणाला घेऊन जातो. मोठा वाडा, उंची पलंग, सुंदर बाळंतीण. बाळाच्या डोळ्यांना लावायला तिला एक मलम दिलं जातं. चुकून त्याचा थेंब तिच्या स्वतःच्या एका डोळ्याला लागतो आणि त्या डोळ्याने पाहते तर तिथे वाडाही नाही आणि पलंगही नाही: पडकी गुहा, पालापाचोळ्याचं अंथरूण. दुसऱ्या डोळ्याने मात्र वाडा तसाच. पुढे बाजारात तोच माणूस लोकांच्या मालावर हात मारताना तिला दिसतो, ती त्याला हटकते. तो विचारतो, मी तुला कोणत्या डोळ्याने दिसतो? ती सांगते, आणि तो त्या डोळ्याची दृष्टी घालवतो. कथेला दोन डोळे वेगळे करून दाखवावेसे वाटले, कारण जादू डोळ्यांत बसते अशी सांगणाऱ्यांची पक्की समजूत होती. ग्रिम बंधूंच्या संग्रहात अशीच एक गोष्ट आहे: जादूगाराचा कोंबडा भलामोठा वासा ओढून नेतो, लोक थक्क होतात, पण चार पानांचा तिपतिया जवळ असलेल्या मुलीला तिथे फक्त गवताची काडी दिसते.

आता व्युत्पत्ती. ‘ग्रामर’ आणि जादूटोणा यांचं नातं ऐकायला विचित्र वाटतं ते आपण आजचा ‘ग्रामर’ शब्द डोक्यात ठेवतो म्हणून. मध्ययुगात ग्रामर म्हणजे लॅटिन, आणि लॅटिन म्हणजे पुस्तकी विद्या. ग्रीकमधल्या अक्षरवाचक ‘ग्रामा’पासून लॅटिन ‘ग्रामाटिका’, तिथून जुन्या फ्रेंचमध्ये ‘ग्रामेर’. स्कॉटलंडमध्ये चौथ्या जेम्स राजाच्या काळात, १४९६ साली, जमीनदारांनी आपल्या थोरल्या मुलांना आठव्या-नवव्या वर्षापासून ग्रामर शाळेत घालावं आणि लॅटिन पक्कं होईपर्यंत ठेवावं असा कायदा झाला. म्हणजे कायद्याच्या भाषेतही ग्रामर आणि लॅटिन यांत अंतर नव्हतं.

पण हे झालं जमीनदारांच्या मुलांचं. ज्याला अक्षरओळख नाही त्याला काय दिसत होतं? चर्चमध्ये पाद्री न समजणाऱ्या भाषेत काही म्हणतो आणि त्याने भाकर पवित्र होते. तीच भाषा म्हणून भूत उतरवतात. तीच लिहून कागदावर मोहोर उमटवली की जमीन एकाची दुसऱ्याची होते. पुस्तक उघडून पुटपुटणाऱ्या माणसाच्या हातात काही शक्ती आहे, असं त्याने धरलं तर ते अनुभवाला धरूनच होतं. आपल्याकडेही ‘पोथी’, ‘मंत्र’, ‘पढणे’ या शब्दांभोवती हेच वलय आहे. कुणी ‘काहीतरी पढून पाणी दिलं’ म्हटलं की तो शाळेचा धडा नाही, हे सांगावं लागत नाही.

शब्दांनीही हीच वाट धरली. जुन्या इंग्रजी लेखनात ‘ग्रामरी’ असं एक रूप आहे. आधी त्याचा अर्थ विद्या, पुढे गूढविद्या, मंत्रविद्या. फ्रेंचमध्ये ‘ग्रामेर’चंच बदललेलं रूप ‘ग्रिम्वार’, म्हणजे मंत्रतंत्राची पोथी. एकाच मुळातून दोन देशांत दोनदा तोच अर्थ फुटला, यामुळे स्कॉट्समधल्या ‘ग्लॅमर’ची व्युत्पत्ती खूपच भक्कम होते.

उरला ध्वनीचा प्रश्न: ‘ग्रा’चा ‘ग्ला’ कसा झाला? एका शब्दात दोन ‘र’ आले की त्यातला एक ‘ल’कडे सरकतो, ही युरोपातल्या भाषांत नेहमीची गोष्ट आहे. लॅटिन ‘पेरेग्रिनुस’चा इंग्रजीत ‘पिल्ग्रिम’ झाला, ‘पुर्पुरा’चा ‘पर्पल’, फ्रेंच ‘मार्ब्र’चा ‘मार्बल’. आपल्या कानाला हा बदल परका वाटायचं कारण नाही: ‘हरिद्रा’ची हळद झाली आणि ‘दरिद्र’चं दळिद्र, तिथेही दोन ‘र’पैकी एक सरकलाच आहे. शिवाय खुद्द ‘ग्रामर’ शब्दाच्या बाबतीत आणखी एक साक्ष इंग्लंडमध्ये सापडते. केंब्रिजमध्ये तेराव्या शतकात व्याकरणाच्या विद्यार्थ्यांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याला ‘मास्टर ऑफ ग्लोमरी’ म्हणत. १२७६ साली त्याच्या अधिकाराबद्दल बिशपला निवाडा द्यावा लागला होता. ही ‘ग्लोमरी’ म्हणजे ‘ग्रामर’च. तिथे जादूचा लवलेश नाही, पण ‘ग्र’चा ‘ग्ल’ मात्र झालेला आहे. अर्थाचा बदल फ्रेंचमध्ये दिसतो आणि ध्वनीचा केंब्रिजमध्ये, स्कॉट्समध्ये हे दोन्ही एका शब्दात एकत्र आले. माझ्या दृष्टीने हा पुरावा पुरेसा आहे.

तरी एक प्रतिस्पर्धी व्युत्पत्ती आहे आणि ती इतकी देखणी आहे की तिला न्याय दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आइसलंडच्या ‘ग्रेटिस सागा’ या जुन्या वीरकथेत ग्लाम नावाचा धनगर मेल्यावर भूत होऊन उठतो आणि घरांच्या छपरांवर बसून ती खिळखिळी करतो. ग्रेटिर नावाचा वीर त्याच्याशी झुंजतो. ग्लाम उताणा पडतो, ढगांतून चंद्र बाहेर येतो आणि ग्लामचे डोळे चमकतात. आयुष्यात मला फक्त ह्याच एका दृश्याची भीती वाटली, असं ग्रेटिर पुढे सांगत असे. मरता मरता ग्लाम शाप देतो: हे माझे डोळे तुला कायम दिसत राहतील. तेव्हापासून ग्रेटिरला अंधारात एकटं राहवेना. आणि सागाकार पुढे लिहितो की ज्याला वस्तू आहे त्यापेक्षा वेगळी दिसते त्याला ‘ग्लामने डोळे उसने दिले’ असं म्हणतात. अशा भासाला आइसलंडी भाषेत ‘ग्लामसिनी’ असा शब्दही आहे.

अर्थ अगदी चपखल बसतो. तिथेही डोळेच, तिथेही भास. स्कॉट्समध्ये नॉर्स, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियन, भाषेतून आलेले शब्द ढिगाने आहेत, तेव्हा तीही अडचण नाही. म्हणूनच एकोणिसाव्या शतकात काही अभ्यासकांना हे मूळ पटलं होतं. पण ‘ग्लामसिनी’मधला ‘सिनी’ म्हणजे दृष्टी. तो गळून त्या जागी ‘-अर’ कसा आला याचा उलगडा होत नाही, आणि नॉर्स लोक स्कॉटलंडमध्ये वावरत होते त्या काळापासून अठराव्या शतकापर्यंत मधल्या रूपांचा धागा हाती लागत नाही. ‘ग्रामर’च्या बाजूने ध्वनी, अर्थ आणि मधली रूपं तिन्ही जुळतात. दोन व्युत्पत्त्यांतून निवड करताना मी गोष्ट किती रंगतदार आहे हे बाजूला ठेवतो आणि मधली पायरी कुणाची दाखवता येते ते पाहतो. ग्लामची गोष्ट भाषांतर करून वाचावी अशी आहे, पण ती या शब्दाची गोष्ट नाही.

आता ग्लॅमर टाकणारे जिप्सीच का, हा तुमच्या गाण्यातून निघणारा पुढचा प्रश्न. स्कॉटिश कवी आणि कादंबरीकार वॉल्टर स्कॉटने १८३० मध्ये चेटूक आणि भुताखेतांवर लिहिलेल्या पत्ररूप पुस्तकात नोंद केली आहे की ही नजर फसवण्याची विद्या विशेषकरून जिप्सींची मानली जाई. यात समजुतीचा भाग किती आणि सत्तेचा भाग किती हे पाहायला हवं. १५४० मध्ये पाचव्या जेम्स राजाने जॉन फा या जिप्सी प्रमुखाला ‘छोट्या इजिप्तचा सरदार’ म्हणून मान्यता दिली होती. १६०९ च्या कायद्याने मात्र सगळ्या ‘इजिप्तवाल्यांना’ देश सोडून जायला फर्मावलं. राहिलात तर मरणाची शिक्षा. १६२४ मध्ये फा घराण्यातल्या पुरुषांना फाशीची शिक्षा झाली, ती त्यांच्या हातून घडलेल्या एखाद्या विशिष्ट गुन्ह्यासाठी नव्हे, तर देशात राहिलेले ‘इजिप्तवाले’ असण्यासाठी. गाण्यातले पंधरा मेलेले लोक या पार्श्वभूमीवर वाचायचे. एअरशरमधली दंतकथा हे गाणं कासिलिसच्या सरदाराची बायको जीन हॅमिल्टन हिच्यावर चिकटवते, पण तिच्या मृत्यूच्या वेळची, १६४२ मधली, नवऱ्याची पत्रं तिच्याविषयी मायेने भरलेली आहेत. बाई स्वतःच्या मनाने गेली असेल ही शक्यताच लोकांना सोसवत नव्हती, म्हणून ‘ग्लॅमर’ हा खुलासा कामी आला, असं मला वाटतं. गाण्याच्या काही पाठांत हा शब्द येतच नाही आणि तिथे बाई उघड म्हणते की मी माझ्या खुशीने निघाले.

मराठी वाचकाने इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. हे ‘इजिप्तवाले’ इजिप्तचे नव्हतेच. रोमा, म्हणजेच जिप्सी, लोकांची भाषा भारतीय आर्य कुळातली आहे. त्यांचे ‘पानी’, ‘नाक’, ‘कान’ हे शब्द आपल्याला दुभाष्याशिवाय कळतात. स्कॉटलंडच्या दक्षिण सीमेवरच्या बोलीत त्यांच्याकडून आलेलं ‘चोर’ हे क्रियापद आहे आणि त्याचा अर्थ चोरणे. ज्या प्रदेशाने या लोकांवर डोळ्यांना भूल घालण्याचा आळ घेतला त्याच प्रदेशाच्या तोंडात आपल्या ओळखीचा हा शब्द अजून आहे.

स्कॉटलंडबाहेर हा शब्द गेला तो मुख्यतः वॉल्टर स्कॉटमुळे. १८०५ च्या ‘द ले ऑफ द लास्ट मिन्स्ट्रेल’ या दीर्घकाव्यात मायकल स्कॉट या मांत्रिकाचं पुस्तक दक्षिण सीमेजवळच्या मेलरोजच्या मठातल्या थडग्यातून काढून आणलेलं असतं. एक खुजा, खट्याळ नोकर ते उघडतो आणि त्याला एकच मंत्र वाचायला मिळतो, तो ग्लॅमरचा. त्या मंत्राने कोठडीच्या भिंतीवरची कोळिष्टकं सरदाराच्या दिवाणखान्यातल्या भरजरी पडद्यांसारखी दिसतात, अक्रोडाची करवंटी सोन्याने मढवलेली नाव वाटते, डोंगरावरची गुराख्याची खोपटी राजवाडा भासते, तरुण म्हातारा दिसतो आणि म्हातारा तरुण. इथे ग्रामर आणि ग्लॅमर पुन्हा शेजारी येतात: पोथी उघडली, अक्षर वाचलं, नजर फिरली. हा मायकल स्कॉट काल्पनिक नाही, तेराव्या शतकातला तो खरा विद्वान. अरबीतून लॅटिनमध्ये भाषांतरं करत असे. लोकांनी त्याचा मांत्रिक करून टाकला, म्हणजे एका शब्दाचं जे झालं तेच एका माणसाचंही. (जाता जाता: मुंबईच्या विल्सन कॉलेजचे संस्थापक आणि मोल्सवर्थच्या मराठी कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीला मराठी भाषेवरचं टिपण जोडणारे जॉन विल्सन याच सीमाभागातले; त्यांचा जन्म १८०४ चा, लॉडर गावचा. मराठी शब्दांच्या मुळांशी बसलेला हा माणूस अशा गाण्यांच्या मुलखातून आला होता, ही गोष्ट मला आवडते.)

इंग्रजीत गेल्यावरही काही दशकं शब्दाने मूळ अर्थ धरून ठेवला. इंग्रज कवी टेनिसनच्या १८५९ च्या काव्यात ग्विडियन हा वेल्श दंतकथांमधला मांत्रिक ‘ग्लॅमरने’ फुलांची स्त्री घडवतो. तिथे ग्लॅमर अजून जादूच आहे. पण त्याच सुमाराला ‘भुरळ घालणारं आकर्षण’ हा अर्थ बळावत गेला, आणि १९३० नंतर हॉलिवूडने तो पुरता आपला केला. १९३९ साली अमेरिकेत ‘ग्लॅमर ऑफ हॉलिवूड’ नावाचं मासिकच निघालं. मराठीत आपल्याकडे आला तो हा शेवटचा, स्टुडिओच्या दिव्यांखालचा ग्लॅमर. एक खूण मात्र इंग्रजीत शिल्लक आहे: अमेरिकन लोक ‘कलर’, ‘ऑनर’ यांतलं ‘यू’ अक्षर गाळतात, पण ‘ग्लॅमर’मध्ये बहुतेक वेळा ठेवतात, कारण हा शब्द लॅटिनच्या त्या पंगतीतला नाही.

या प्रवासात सगळ्यात मोठा बदल झाला तो वाक्यरचनेत, आणि भाषांतर करणाऱ्याने लक्ष ठेवावं ते त्यावर. मराठीत आपण म्हणतो, ‘त्या क्षेत्राला ग्लॅमर आहे’, ‘कबड्डीला ग्लॅमर आलं’. म्हणजे ग्लॅमर पाहिल्या जाणाऱ्या वस्तूला चिकटलेलं असतं. स्कॉट्समध्ये ते कुणीतरी कुणावर तरी टाकतं, आणि ज्याच्यावर टाकतं तो पाहणारा असतो. स्कॉट्स मजकुरात हा शब्द दिसला की आधी क्रियापद पाहा. ‘टाकणे’ या अर्थाचं क्रियापद आणि ‘वर’ या अर्थाचं शब्दयोगी अव्यय असेल तर डोळे मिटून नजरबंदी. ‘ग्लॅमरी’ हे लांब रूप आलं तर तीच विद्या म्हणून. विसाव्या शतकातला स्कॉटिश लेखक असेल तर मात्र दोन्ही अर्थ शक्य आहेत; तिथे संदर्भच सांगेल.

मराठी प्रतिशब्दांत मी ‘नजरबंदी’ पहिला मानतो, कारण तो डोळ्यांपाशी थांबतो. गारुड्याच्या खेळाशी त्याचं नातं असल्याने रॅम्सेच्या व्याख्येतला हातचलाखीवालाही त्यात येतो. एकच काळजी: आजच्या वर्तमानपत्री मराठीत कुणाला घरात अडकवून ठेवण्यालाही काही जण नजरबंदी म्हणतात, म्हणून वाक्यात ‘डोळ्यांवर’ हा शब्द जवळपास ठेवावा. ‘मोहिनी घालणे’ लोभस आहे, पण मोहिनी मनावर पडते; समोरचा माणूस दिसतो तसाच, फक्त हवासा वाटतो. ‘भूल घालणे’ दोन्हींच्या मधलं आणि गाण्याच्या लयीत चटकन बसणारं आहे. ‘चकवा’ कोकणात वाट चुकवतो, तो इथे नको. तुमच्या ओळीसाठी मी असं करीन: ‘देखणं तोंड तिचं दिसलं मात्र, त्यांनी डोळ्यांवर तिच्या भूल घातली.’ गद्य टीप देणार असाल तर तिच्यात ‘नजरबंदी’ लिहा.

आणि याच कामात पुढे कधी स्कॉट्स कवी रॉबर्ट बर्न्सची १७८९ ची कॅप्टन ग्रोसवरची कविता हाती घेतलीत तर तिथे खरी कसोटी आहे. त्याने ‘ग्लॅमर’चा धंदा करणारी जिप्सी टोळी आणि नरकाचं काळं ‘ग्रामर’ कोळून प्यालेले मांत्रिक यांना लागोपाठच्या ओळींत यमकात बांधलं आहे. ‘व्याकरण’ शब्द तिथे मराठीत मेलेला वाटेल. त्याच्याभोवती आपल्याकडे भीतीचं वलय नाही. मी ‘पोथी’ घेईन आणि यमक सोडून देईन: ‘नजरबंदीवर पोट भरणाऱ्या जिप्सींनो, नरकाची काळी पोथी मुखोद्गत असणाऱ्यांनो.’ यमक हवंच असेल तर ‘भूल’ धरून ठेवा आणि तिच्याभोवती ओळ नव्याने बांधा. पण ‘ग्लॅमर’ तसाच देवनागरीत लिहून पुढे जाऊ नका, कारण मराठी वाचकाला त्या शब्दात आज फक्त नटी दिसते.